पोटखराब

सातबाऱ्यावर या सड्यापुढे एकच शब्द आहे: पोटखराब.
बावीस वर्षांच्या नोकरीत तीनदा तो मीच लिहिलाय,
निळ्या शाईने.

यंदा दिवाळी उलटल्यावर रजा टाकली,
कारण लिहिलं 'घरगुती',
आणि स्कूटरला भाच्याचा तंबू बांधून
देवगडच्या वरच्या अंगाला आलो, एकटा.
ना टेप, ना नकाशा, ना लगतचे कब्जेदार.
दुर्बीण फक्त, आणि रेघांची वही.

जांभ्यात खुंटी जात नाही.
हे मला तरी माहीत असायला हवं होतं.
दोन वाकल्या, तिसरी उडून गवतात गेली.
मग दोऱ्या धोंड्यांना बांधल्या,
तंबू एका कुशीवर कलला, दमलेल्या म्हशीसारखा.

गवत गुडघाभर, भाजल्या रव्याच्या रंगाचं.
पावसात जिथे डबकी होती तिथे काळी पापडी.
चंडोल सरळ वर जातो,
आणि काय सांगायचं ते विसरल्यासारखा खाली येतो.
माळटिटवीने दुपारभर माझ्यावर खटला चालवला.
वहीत 'तिरचिमणी, कुठली?' असं सात वेळा.

शेवंती घाडी भारा घेऊन चालली होती, थांबली.
"मोजूक इलास?"
"व्हय. पाखरां."
ती हसली नाही. विचार केला तिने.
"आणि ती कोणाच्या नावार?"

मी म्हटलं, भोवत्या म्हणतात त्याला,
कझाकस्तानातून येतो, गवतातच निजतो, जमिनीवर.
तिने हनुवटीने दाखवलं:
पलीकडे एक तुकडा तसाच उभा होता, न कापलेला.
मला भरून आलं. म्हटलं, त्यांच्यासाठी राखलंत?
"राखूक कित्याक? थंय धोंडे.
कोयती बोथाट जाता."

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा पहिला आला,
फिका, राखी, पंख किंचित वर धरलेले,
गवतावरून इतका खालून
की हरवलेली किल्ली शोधत असावा.
मग एक तपकिरी मादी. मग समुद्राकडून तीन.
सतरा.
एक उठून पुन्हा बसला, तो दोनदा धरला का?
एकोणीस.
मोजणीत फरक आला की आम्ही पहिल्या दगडापाशी परत जातो.
इथे पहिला दगड कुठला?

रात्री कातळ पाठीखाली गरम, नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखा.
भाकरी खाल्ली. सुक्या बांगड्याचा डबा उघडा राहिला,
तो वास आता तंबूतून जायचा नाही, भाचा बोलेल.
मध्यरात्री अर्धा चंद्र बुडाला
आणि रातवा लागला, चक् चक् चक्,
लांब कुणी अंधारात चिरा तासत असावं तसा.
ट्रॉलरचे दिवे एका रेषेत. तिकडेही हद्द आखतायत की काय.

हा शब्द पहिल्यांदा कुणी लिहिला असेल?
कुणी कारकून, साहेबाच्या काळातला,
वैशाखात इथवर चढला असेल,
घोटभर पाणी मिळालं नसेल त्याला.
रागाने लिहिला असेल.
आणि आम्ही तो उतरवत आलो, अक्षर सुधारत.
पन्नास पावलांवर सतरा जण, किंवा एकोणीस,
चार हजार किलोमीटर पंखांत मुडपून
त्या खराब पोटात निजलेले.

पहाटे सगळं दवाने भिजलं होतं, वहीसुद्धा.
पेन उमटेना. बोटं मोडत मोजू लागलो.
अकरापर्यंत बरोबर होतो,
मग एक नर माझ्यावरून वळला,
मान खाली करून पाहिलं त्याने, पिवळ्या डोळ्याने,
आणि पुढचे आकडे मला येईनात.

उतरताना शेवंती वाटेत.
"गावली?"
"गावली."
"किती?"
"सतरा. नायतर एकोणीस."
"मगे एकोणीस लिव," ती म्हणाली.
"कमी कित्याक लिवचे?"

तिसरी खुंटी सापडली नाही.